ही बाजू वर

शेरॉन मॅकवाननं टेबलावर तीन तुकडे ठेवले,
कासवाच्या पाठीसारखे तपकिरी,
आणि म्हणाली, काका, चौथा सापडत नाही.
शेजारी तिची बास गिटार, उघडी,
पोटातल्या वायरी दिसतायत, खड्डे दिसतायत.
पोरगी डावखुरी, गिटारही डावखुरी.
रावपुऱ्यातला दुकानदार म्हणे, डाव्या हाताचं पिकगार्ड
मुंबईहून मागवावं लागेल, दोन महिने.
तिला फतेगंजच्या चर्चमध्ये रविवारी वाजवायचंय.

मी मकरपुऱ्याच्या फाउंड्रीत चौतीस वर्षं
लाकडाचे पॅटर्न केले. पंपाच्या बॉड्या, व्हॉल्व्ह,
एकदा देवळाच्या घंटेचा.
गिटारीला कधी हात लावला नव्हता.
पण कड ती कड.

तुकडे टेपनं जोडले, सहा मिलिमीटरच्या प्लायवर निजवले,
टोकदार पेन्सिल फिरवली.
हरवलेल्या कोपऱ्याची मापं गिटारीवरून घेतली, कॅलिपरनं,
आणि खणातली पट्टी काढून आखली.

सरळ प्लॅस्टिकच कापा ना, ती म्हणाली.
म्हटलं, राउटर आंधळा असतो, बाई.
त्याच्या दांड्यावर एक बेअरिंग असतं,
ते साच्याच्या कडेला बोट लावून चालतं,
अंधारात भिंत धरून चालावं तसं.
भिंतीला फुगवटा असला तर तोही वळसा घालतो,
खाच असली तर खाचेत पडतो,
आणि मिनिटाला वीस हजार फेऱ्यांनी पडतो.
म्हणून आधी भिंत.

जिगसॉ रेघेच्या बाहेरून, दोन मिलिमीटर राखून.
मग कानस. मग आतल्या वळणांना
पाण्याच्या पाइपाच्या तुकड्यावर गुंडाळलेला पॉलिश पेपर.
डोळे मिटून अंगठा फिरवायचा.
डोळ्यांना दिसत नाही ते अंगठ्याला टोचतं.
मध्ये तिनं शेवउसळ आणली,
माझ्या वाटीत भुसा पडला, तोही खाल्ला असणार.

साचा गिटारीवर ठेवला. बसला नाही.
तीन तुकड्यांकडं चोख,
हरवलेल्या कोपऱ्याकडं मोठा. एक मिलिमीटर, फार तर.
पुन्हा मोजलं. पुन्हा.
मग पट्टी उजेडात धरली.

ओतकामाची पट्टी.
तिच्यावरचा मीटर खऱ्या मीटरहून दहा मिलिमीटर लांब,
कारण बीड थंड होताना आकसतं
आणि तेवढं आधीच देऊन ठेवायचं असतं.
चौतीस वर्षं हात त्याच पट्टीकडं गेला.
मुलाचे बूट मी एक नंबर मोठे घेतले,
हिच्या बांगड्या सैल,
देणं द्यायचं तर वर दहा रुपये.
प्लॅस्टिक आकसत नाही.
आकसायला आधी वितळावं लागतं.

शेरॉन हसली नाही. म्हणाली, आता?
आता काय, मोठं झालंय ते घासता येतं.
कोपरा घासून आणला.
स्क्रूची दोन भोकं मात्र चुकीच्या जागी पडली होती,
ती आगपेटीच्या काड्या आणि फेविकॉलनं बुजवली,
रात्रभर सुकू दिली, सकाळी शेजारी नवी पाडली.

शनिवारी राउटर लावला. पांढरा कीस कोपरापर्यंत.
बेअरिंग कडेनं गेलं,
कुठंही न अडखळता परत आलं.
अॅम्प्लिफायर नव्हता. तिनं गिटारीचं शिंग
माझ्या बाकाला टेकवलं आणि सगळ्यात जाड तार छेडली.
ऐकू काही फारसं आलं नाही.
डब्यातले खिळे हलले, शिकंज्याचा दांडा हलला,
माझ्या गुडघ्याला कळलं.

मंगळवारी हेनिल नावाचा मुलगा आला.
गिटार त्याच जातीची, पण उजवी.
खिळ्यावरून साचा काढला. त्यावर मीच लिहिलेलं,
ही बाजू वर. शेरॉन.
उलटा केला. कोरा.
दोन काड्यांची टोकं तेवढी
या बाजूनंही दिसत होती.
पेन्सिल जिभेला लावली आणि लिहिलं,
ही बाजू वर.

काम झाल्यावर परत टांगला.
कुठली बाजू भिंतीकडं गेली, पाहिलं नाही.